पन्नीतला शून्य

नमस्कार शेतकरी भगिनींनो आणि बंधूंनो. भगिनींना आधी नमस्कार का, ते पुढे कळेलच.

मी कृषी पदवीची विद्यार्थिनी. सातव्या सत्रात आम्हाला ‘रावे’ असते, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव. गावात राहायचं, शिवारात हिंडायचं. मुलं कृषिदूत, आम्ही कृषिकन्या. आमच्या वाट्याला विदर्भातलं कपाशीचं गाव आलं आणि माझ्याकडे विषय आला गुलाबी बोंडअळीचा. २०१७च्या हंगामात या अळीने कपाशीचं किती नुकसान केलं, ते तुम्हाला मी काय सांगणार!

मी सगळं पाठ करून गेले होते. पाहणीसाठी एकरी २ कामगंध सापळे, पिकाच्या वर फूटभर. सापळ्यातल्या गोळीला मादीचा वास असतो, त्या वासावर नर पतंग येतो आणि खालच्या पन्नीत अडकतो. रोज सकाळी मोजायचे. एका सापळ्यात रात्रीला ८ पतंग, तेही सलग ३ रात्री, म्हणजे फवारणीची वेळ आली. पुन्हा सांगते: ८ पतंग, सलग ३ रात्री.

एका काकूंच्या शेतात मी सापळे लावले. पहिल्या सकाळी शून्य. दुसऱ्या सकाळी शून्य. सात दिवस वहीत शून्यच. मग काय, पारावर बैठक, मागे बॅनर, आणि मी जाहीर केलं की आपल्या शिवारात अजून बोंडअळी नाही. फोटोही झाला. या फोटोंचं एक बोलूनच टाकते. अहवालात बॅनर वाचता येतो, पण बॅनरपुढे कोण बसलंय ते दिसत नाही. असो.

दुसऱ्या दिवशी काकू निंदण सोडून बांधावर आल्या. लुगड्याचा ओटा माझ्यापुढे उघडला. म्हणाल्या, “पोरी, तुह्या पन्नीत काही नाही, पन माह्या ओट्यात पाहा.”

ओट्यात फुलं होती, न उमललेली. पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, गुलाबाच्या मिटल्या कळीसारख्या. डोमकळ्या! अळी आतून जाळी विणते आणि फुलाला उमलूच देत नाही. काकूंनी एक डोमकळी नखाने फाडली. आत परागकणांत लोळत एक इवलीशी अळी. पांढरी.

मी सुटकेचा श्वास टाकला. म्हटलं, “काकू, ही ती नव्हेच. ती गुलाबी असते.”

काकू हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. “लहानपनी पांढरीच राहते ते. मोठी झाली का गुलाबी होते. तुह्या पुस्तकात मोठीचा फोटो असंल.”

खरंच, मोठीचाच होता.

मग सापळ्यात शून्य कसा? मी सापळा खाली उतरवला, गोळीचं रिकामं पाकीट पिशवीतून काढून वाचलं आणि कान तापले. मी हेलिल्युर लावलं होतं. ते अमेरिकन बोंडअळीचं. गुलाबीला पेक्टिनोल्युर लागतं. गोळ्या दिसायला सारख्याच, पण वास ज्याचा त्याला. दुसऱ्या जातीचा नर त्याकडे फिरकतही नाही. अमेरिकन त्या दिवसांत शेतात नव्हती, गुलाबीला मी बोलावलंच नव्हतं. पाकिटावरचं नाव वाचा. दोनदा वाचा.

संध्याकाळी पुन्हा पारावर गेले आणि कालचं सांगणं चुकीचं होतं म्हणून सांगितलं. या वेळी बॅनर नव्हता.

आता घाई कशाची, तेही ऐका. अळी फुलात आहे तोवर डोमकळी तोडून नष्ट करता येते. एकदा ती बोंडात शिरली की शिरल्याचं छिद्र बुजतं, बोंड वरून धडधाकट दिसतं आणि फवारा आत पोचत नाही. म्हणून १०० फुलं पाहा. १० डोमकळ्या निघाल्या तर फवारणीला थांबू नका. त्याखाली असाल तर डोमकळ्या तोडा, ५ टक्के निंबोळी अर्क आहेच. आणि फवाऱ्याला ‘औषध’ म्हणणं मला तरी पटत नाही. औषधाला कुणी नाकावर फडकं बांधतं का? विष आहे, विषच म्हणावं. म्हणजे हातमोजे आपोआप आठवतात.

मी गोळ्या बदलल्या. पहिल्या सकाळी पन्नीत ६ पतंग, दुसऱ्या सकाळी ९. बाजूच्या शेतातले दादा पंप घेऊन तयारच होते, त्यांना थांबवलं. सलग ३ रात्री म्हणजे ३ रात्री. तोवर आम्ही आणि काकूंच्या निंदणाऱ्या बाया ओळीओळीने डोमकळ्या तोडत होतो. माझी पिशवी अर्धी भरायची, तोवर त्यांचे ओटे दोनदा रिकामे व्हायचे.

तिसऱ्या सकाळी मी पोचले तेव्हा काकू सापळ्याखाली उभ्या होत्या. पन्नी सोडून पतंग बोटांवर मोजून झाले होते.

“चार,” त्या म्हणाल्या. “लिही.”

मी लिहिलं, ४.