पिकअपमधले घरगुती बदल: बोल्टाने लागेल तेवढंच

नमस्कार मंडळी. पावसात एवढे लोक आलात, त्यातले निम्मे तरी गाडी बाहेर लावून आलेत. येताना मी सगळ्या गाड्या बघून घेतल्या. कोणाच्या फाळक्याला, म्हणजे मागच्या पाडायच्या दाराला, एकच कडी राहिलीय तेही मला माहीत आहे, पण नाव घेत नाही.

विषय सांगितलाय, ‘पिकअपमध्ये घरच्या घरी करता येणारे बदल’. पाच बदल सांगायचं मी कबूल केलंय आणि सांगणारच आहे. पण त्याआधी माझं एक म्हणणं आहे, ते बरीच वर्षं पोटात आहे. आपल्या गाडीला जे बोल्टाने लावता येतं आणि बोल्ट खोलून काढता येतं, तेवढंच घरी करावं. चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, वेल्डिंगचा टाका घालायचा नाही. अर्धा टाकासुद्धा नाही.

मी तेवीस वर्षं टेम्पो चालवतोय. टेम्पो म्हटलं की पुढे बसलेली आयटीआयची मुलं हसतात, कारण माझी गाडी पिकअप आहे. पण आपल्याकडे मालाची कुठलीही छोटी गाडी टेम्पोच, आणि मला ते आवडतं. जर्मनीत हॅम्बुर्गला विडाल नावाची कंपनी होती, तिच्या तीनचाकी गाडीचं नाव टेम्पो. १९५८ मध्ये फिरोदियांनी बजाज टेम्पो काढली, पुढे आकुर्डीत कारखाना झाला. २००५ मध्ये त्या कंपनीने स्वतःचं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, पण आपण काही बदललं नाही. त्याच २००५ साली टाटांनी एस आणली, दोन सिलिंडरची, सातशे सीसीची. तिला आपण छोटा हत्ती म्हणायला लागलो. तरी बाजार समितीच्या गेटवरचा माणूस अजून ओरडतो, “टेम्पो मागे घ्या!” आणि हत्तीसकट सगळे मागे घेतात.

असो. मूळ गोष्टीकडे येतो.

२०१४ चा आषाढ. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरून माळशेजमार्गे कल्याणला निघालो होतो. बरोबर पुतण्या. गाडी चार वर्षांची. तिचा माल भरायचा हौदा मी मागे दीड फूट वाढवून घेतला होता. कुठे, ते विचारू नका. ज्याच्याकडे केलं तो माणूस हाताने चांगला होता आणि मनानेही. ‘कंपनीवाले हौदा तोकडाच देतात, तुमचं भाडं बुडतं,’ असं त्याने सांगितलं आणि मला ते पटलं. दोन्ही बाजूंच्या चासीच्या शेवटाला त्याने अँगलचे तुकडे वेल्ड केले आणि त्यावर पत्रा टाकला. एका दिवसात काम. रंगही मारून दिला. वेल्डिंग इतकं सुबक की मी गल्लीत चारजणांना वाकून वाकून दाखवलं.

आता हिशेब ऐका. गाडीचं पासिंग १२०० किलो मालाचं. टोमॅटोचं क्रेट भरून २२ किलो. म्हणजे ५४ क्रेटला माप पुरं. आम्ही ७० भरले होते. १५४० किलो. इथे मान हलवणाऱ्यांपैकी कितीजण आज सकाळी किती भरून आले, ते मी विचारणार नाही, पण माझं चुकलं होतं हे मी सरळ सांगतो.

ओतूर सोडलं आणि स्टिअरिंग हलकं लागायला लागलं. फुलासारखं. पुतण्या म्हणाला, “काका, आज गाडी काय मस्त वळतीये.” मलाही बरं वाटलं. घाटात धुकं, वरून धबधब्याचं पाणी रस्त्यावर, आणि गाडी एका बोटाने वळतेय. उतारावर तिसऱ्या की चौथ्या वळणाला मागून ‘टक्’ असा आवाज आला. दगड लागला असेल म्हणून सोडून दिलं. पुढच्या वळणाला पुन्हा टक्. मग प्रत्येक खड्ड्याला. पुतण्या म्हणाला, “काका, दगड आपल्याबरोबर चाललाय का?”

टोकावड्याच्या अलीकडे थांबलो. टॉर्च घेऊन खाली झोपलो, पाठीखालून पाणी वाहतंय. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा मागचा हँगर जिथे चासीला बसतो, त्याच्या जरा मागे वेल्डिंगचा शेवट होता. त्या शेवटाला चिकटून चासीच्या वरच्या पट्टीला तडा गेलेला. वेल्डिंग जसंच्या तसं होतं, एक कपचा उडाला नव्हता. तडा त्याच्या शेजारून, केसासारखा निघून उभ्या पत्र्यात बोटभर उतरलेला. हौदा हलला की तडा उघडायचा आणि मिटायचा. आत लाल गंज दिसत होता. म्हणजे तो त्या रात्रीचा नव्हता. कित्येक खेपा मी तो तडा घेऊनच फिरत होतो.

माल दुसऱ्या गाडीत टाकला, सकाळचा बाजार गेला, मिळेल त्या भावाला विकला. ते जाऊ द्या. पुतण्या तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. घाटाच्या त्या कठड्यापाशी चासी वाकली असती तर मी माझ्या भावाला काय तोंड दाखवलं असतं, हा विचार मला अजून रात्री उठवतो. म्हणून मी गावोगाव हे सांगत फिरतो. कोणी बोलावलं तर जातो, न बोलावता पण जातो.

ते असं का झालं, ते सांगतो. दोन गोष्टी आहेत.

पहिली आपल्या आजोबांना माहीत होती. बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेवरून सुटतं. त्याला आपण काय म्हणतो? बरोबर, आजी, गाडी उलाळ झाली. आणि पुढे जास्त झालं तर धुरजड. आमचे आजोबा उसाची गाडी भरली की जुवावर हात ठेवून ती उलाळ आहे का धुरजड ते सांगायचे आणि दोन मोळ्या पुढे घ्यायला लावायचे. माझी गाडी उलाळ झाली होती, एवढंच. वाढवलेल्या दीड फुटात बारा क्रेट होते, २६४ किलो. त्यांचा मध्य मागच्या ॲक्सलच्या मागे साधारण दीड मीटर. दोन ॲक्सलमधलं अंतर तीन मीटर धरा. तर २६४ च्या निम्मं, १३२ किलो वजन पुढच्या चाकांवरून उचललं गेलं आणि मागच्या ॲक्सलवर २६४ नाही, ३९६ किलो पडलं. स्टिअरिंग हलकं लागत होतं ते चाकं रस्त्यावर नीट टेकत नव्हती म्हणून! गाडी चांगली वळतेय म्हणून आम्ही खूश होतो, आणि ती वळायचं विसरत चालली होती.

दुसरी गोष्ट दाखवतो. हा ऊस मी बाहेरून आणलाय. गुडघ्यावर धरून वाकवतो. बघा, बाहेरच्या बाजूची साल ताणली जाते, आतली दबते, मधल्या गाभ्याला फारसं काही होत नाही. मोडताना आधी कुठून फाटला? बाहेरच्या सालीतून. आता या बाहेरच्या सालीला मी चाकूने एक चीर देतो. पुन्हा वाकवतो. झालं. चिरेतूनच गेला, आणि निम्म्या जोरात.

चासी म्हणजे असाच ऊस, फक्त इंग्रजी सी अक्षरासारखा. वर पट्टी, खाली पट्टी, मध्ये उभा पत्रा. दोन ॲक्सलच्या मध्ये खालची पट्टी ताणली जाते, मागच्या ॲक्सलच्या मागे वरची. वेल्डिंग करताना टाक्याशेजारचं लोखंड लाल होतं आणि थंड होताना त्याची मूळची घडण बिघडते. टाका मजबूत राहतो, पण त्याच्या कडेला चीर पडायला जागा तयार होते. म्हणून मिस्त्री म्हणतो, “माझा टाका तुटला का दाखवा,” आणि तो खरंच बोलतो. याच कारणाने वरच्या-खालच्या पट्टीला भोकही पाडायचं नाही. पाडायचंच तर मधल्या उभ्या पत्र्यात, आणि तेही कंपनीची तयार भोकं संपली असतील तर. संपलेली नसतात. एकदा खाली झोपून मोजा.

एक राग बोलून दाखवतो. पोरं मिस्त्रीकडे वर्ष-वर्ष राबतात, त्यांना कोणी हे शिकवत नाही. टाका कसा घालायचा ते शिकवतात, कुठे घालायचा नाही ते सांगत नाहीत. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांमध्ये तर कंट्रोल युनिट आणि सेन्सर आहेत. बॅटरीची तार न काढता हौद्याला साधं कडीचं वेल्डिंग केलं तरी ते उडू शकतात. अर्थिंगचा चिमटा लांब कुठेतरी चाकाला लावला, तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगला डाग पडतात. मुलांनो, हे वहीत लिहून घ्या. फाळक्याची कडी तुटली तर फाळका बिजागरीतून काढा, जमिनीवर ठेवा, मग वेल्ड करा.

आता जादा पाट्याबद्दल. मागे एक पाटा वाढवला की गाडी दबत नाही, म्हणून सगळे वाढवतात. पाटा वाढला म्हणून ॲक्सल, टायर, ब्रेक वाढत नाहीत, एवढं सगळ्यांना कळतं. पण अजून एक आहे. बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलपासून एक बारीक दांडी वर चासीवरच्या व्हॉल्व्हला गेलेली असते. माल भरला की चासी खाली दबते, दांडी हलते, आणि व्हॉल्व्हला कळतं की गाडी भरलीय, मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडायचाय. तुम्ही पाटा टाकून गाडी दबूच दिली नाही तर व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. दीड टन भरून घाट उतरताय आणि मागचे ब्रेक रिकाम्या गाडीचे! सगळा भार पुढच्या ब्रेकवर, ते तापणारच. घरी गेल्यावर ती दांडी शोधा. काहींनी पाटा टाकताना ती काढून तारेने बांधून ठेवलेली मी पाहिलीय. हात जोडून सांगतो, ती आधी जागेवर बसवून, सेटिंग करून घ्या.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अध्यक्षसाहेब, दहा करा. बरं, सात.

तर पाच बदल, भराभर. पहिला, ताडपत्रीच्या कमानी. अर्ध्या इंची जीआय पाइप वाकवून तीन कमानी करायच्या, हौद्याच्या बाजूला बोल्टाने सॉकेट लावून त्यात उभ्या करायच्या. ताडपत्री वरच्या क्रेटपासून वीतभर उंच राहिली पाहिजे. टोमॅटोवर टेकली की उन्हात वरचा थर शिजतो, आणि व्यापारी वरचाच थर बघतो. कमानी उन्हाळ्यात लावा, एरवी काढून ठेवा.

दुसरा, हौद्यात आडवा पाइप. माल मागच्या ॲक्सलच्या मागे जाऊ नये म्हणून. कमी माल असेल तेव्हा क्रेट केबिनला टेकवून भरायचे आणि त्यांच्या मागे हा पाइप अडकवायचा. उलाळ व्हायचा प्रश्नच येत नाही.

तिसरा, तळाला लाकडी पट्ट्या. उभ्या, पुढून मागे, म्हणजे पाणी फाळक्याकडे वाहून जातं आणि खालून हवा खेळते. त्या काढता आल्या पाहिजेत, नाहीतर खाली गंज धरतो आणि कळत नाही.

चौथा, दिव्यांना रिले. जास्त वॅटचे बल्ब टाकू नका. आधी मीटर लावा. बॅटरीपाशी १३.८ व्होल्ट आणि बल्बपाशी १२ असेल, तर उजेड वायरमध्ये मरतोय. ६०-६० चे दोन बल्ब म्हणजे दहा अँपियर, ते सगळे त्या बारीक स्विचमधून जातात. चार पिनांचा रिले घ्या, म्हणजे स्विचमधून थोडाच करंट जातो आणि दिव्याचा मोठा करंट बॅटरीतून रिलेमार्गे थेट जातो. ३० ला बॅटरी, ८७ ला दिवा, ८५ आणि ८६ मध्ये एकाला स्विचची जुनी वायर, दुसऱ्याला अर्थ. डिम आणि फुलला वेगवेगळा रिले. अडीच एमएमची वायर, आणि बॅटरीपासून वीतभरात पंधरा अँपियरचा फ्यूज. फ्यूजशिवाय केलं तर वायर कुठेही घासली की आग.

पाचवा, परावर्तक पट्टी. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. थिनरने पुसून, कोरडं करून चिकटवा. चिखलावर चिकटवलेली आठवड्यात सुटते. फाळका पाडलेला असतानाही मागून दिसेल अशी एक पट्टी आत लावा. रात्री माल उतरवताना फाळका खाली असतो आणि लाल पट्टी जमिनीकडे बघत असते.

बोल्ट घेताना डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा कोरलेला बघा. कोरा बोल्ट घेऊ नका. नायलॉक नट वापरा, दोन खेपा झाल्या की पुन्हा आवळा. भोक पाडलं तर त्याच्या कडेला रेड ऑक्साइड.

कायद्याचं राहिलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आरसीत लिहिलेली माहिती मूळ गाडीपेक्षा वेगळी पडेल असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावून सांगितलं. हौदा वाढवला की लांबी आणि रिकामं वजन दोन्ही बदलतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा एकेका बदलाला पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जादा मालाचा दंड वीस हजारांपासून सुरू, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. पुढचे लोखंडी बंपर गार्डही काढा. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने ते बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलंय. पायी चालणाऱ्याला ते लागलं तर तो उठत नाही.

झालं, साहेब, उतरतो. प्रश्न इथे नकोत. माझी गाडी बाहेर चिंचेखाली उभी आहे. हौदा पुन्हा मूळ मापाचा केलाय, रिले लावलेला आहे, कमानी काढून आत ठेवल्यात. ज्यांना ती ब्रेकची दांडी बघायची आहे त्यांनी चला. खाली चिखल आहे, पोतं मी आणलंय. टॉर्च कोणाकडे आहे?