नव्या सॉफ्ट टॉपवरच्या सुरकुत्या: आधी ओळखा, मग ऊन दाखवा

(कॅमेरा टॉपच्या मागच्या डाव्या कोपऱ्यावर)

हा वळ बघा. डाव्या कोपऱ्यातून निघतो आणि तिरका वर चढत मागच्या खिडकीच्या शिवणीला जाऊन मिळतो. टॉप, म्हणजे गाडीचं घडी होणारं मऊ छत, कोरा करकरीत आहे, बसवून पंधराच दिवस झालेत. हे पंधराही दिवस मी गाडी रोज उन्हात लावली, कारण ज्याला विचारावं तो म्हणतो, ऊन दाखवा, आपोआप बसेल. बाकीच्या सगळ्या सुरकुत्या खरंच बसल्या. ही तेवढी हटून राहिली.

(कॅमेरा समोर)

नमस्कार मंडळी. गाडी आहे माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीतली. इथं अमेरिकेत तिला सगळे मियाटा म्हणतात. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि ही पिढी १९९७पर्यंत बनत राहिली. माझी १९९५ची. म्हणजे आज रस्त्यावर असलेल्या अशा बहुतेक गाड्यांचा टॉप एकदा तरी बदललेला असतो. माझा मी स्वतः बसवला, न्यू जर्सीत, घरासमोरच्या ड्राइव्हवेवर. आणि त्यात एक चूक केली. ती चूक आज उघडून दाखवते, कारण ती फार जणांकडून होते.

आधी एक गोष्ट पक्की करू. सुरकुती दोन जातीची असते. एक घडीची, दुसरी ताणाची.

नवा टॉप खोक्यात घडी घालून येतो. कपाटातून काढलेल्या चादरीवर कशा सरळ, चौकोनी रेघा असतात, तशाच त्यावर दिसतात. ही झाली घडीची सुरकुती. ती उष्णतेनं जाते, त्यात शंका नाही.

ताणाची सुरकुती निराळी. ती तिरकी असते, आणि तिला एक टोक असतं. कुठून तरी ती निघालेली असते. उशीला अभ्रा वाकडा चढवला तर वरून कितीही हात फिरवा, वळ तिथंच राहतो. अभ्रा काढून सरळ घालावा लागतो. अगदी तेच इथं आहे.

ओळखायचं कसं, ते करून दाखवते. एक तळवा सुरकुतीवर ठेवा. दुसऱ्या हातानं जवळची कड हलकेच खाली ओढा. बघा, मी ओढते तशी रेघ पुसली जाते... सोडलं, परत आली. म्हणजे ताणाची. कड ओढूनही रेघ जागची हलली नाही, तर घडीची. या परीक्षेला अर्धं मिनिट लागतं, आणि मी ती पंधरा दिवस उशिरा केली.

आता सुरकुती बोट कुठं दाखवते ते वाचायला शिका. पुढच्या काचेच्या वर आडवे वळ असतील, तर कापड पुढच्या पट्टीवर नीट ओढून चिकटवलेलं नाही, किंवा लॅच, म्हणजे टॉपला पुढच्या काचेच्या चौकटीशी अडकवणारे खटके, सैल आहेत. दारांच्या काचांवरची कड लाटांसारखी दिसत असेल, तर त्या कडेच्या आत एक तार असते, ती सैल पडली असेल किंवा तुटली असेल. टॉपला आतून उचलून धरणाऱ्या दोन कमानींच्या मधे कापड लोंबत असेल, तर कमानींमधलं अंतर धरणारे पट्टे तपासा. टॉप नवा आणि पट्टे तीस वर्षांचे, असं बऱ्याचदा होतं. पट्टा ताणून लांब झाला की कमान आपल्या जागी उभीच राहत नाही, मग कापड तरी काय करणार?

आणि मागच्या कोपऱ्यातून तिरकी निघाली, म्हणजे माझ्यासारखी, तर दोष मागच्या कडेला आहे. आज सगळा वेळ तिथंच देऊ.

(सीटांच्या मागे, कार्पेट उचललेलं)

इथं बॉडीतून बोल्ट वर आलेले आहेत. त्यांच्यावर आधी पन्हळ बसते, म्हणजे पावसाचं पाणी झेलून दोन्ही बाजूंच्या नळ्यांत सोडणारी पट्टी. तिच्यावर टॉपचं कापड, त्यावर धातूच्या पट्ट्या, आणि शेवटी १० मिलिमीटरचे नट. मागचा सगळा ताण या नटांच्या ओळीत आहे.

माझी चूक अशी झाली. मी उजवीकडून सुरुवात केली आणि एकेक नट पूर्ण आवळत डावीकडे गेले. प्रत्येक नटाबरोबर कापड थोडं थोडं उजवीकडे सरकत गेलं. डाव्या कोपऱ्याला पोचेपर्यंत तिथं कापड तिरकं झालं होतं. तबला लावणारा माणूस बघितलाय कधी? सोळा घरं असतात, पण तो एकाच बाजूनं ठोकत जात नाही. इकडं एक, मग समोरचं एक, असा फिरतो, म्हणून पुडी सगळीकडून सारखी ताणली जाते. टॉपलाही हीच शिस्त लागते.

तर मी काय केलं? सगळे नट सैल केले, काढले नाहीत. प्रत्येक कमानीच्या मध्यावर खडूची खूण केली, टॉपच्या मध्यावरही केली, आणि दोन्ही खुणा जुळवल्या. माझ्या पुढच्या खुणा जुळत होत्या, मागची जवळपास बोटभर उजवीकडे होती! मग मधला नट हातानं बसवला. त्याच्या डावीकडचा एक, उजवीकडचा एक, असं करत दोन्ही कोपऱ्यांपर्यंत गेले. पाना हातात घेतला तो सगळे नट हातानं बसल्यावर, आणि तेव्हाही त्याच क्रमानं, दोन फेऱ्यांत.

एवढं करूनही कोपरा सैल राहिला, तर कापडातली भोकं बदलावी लागतात. आधीच्या भोकापेक्षा तीन-चार मिलिमीटर वर नवं भोक पाडा, कापड तेवढंच खाली ओढलं जाईल. त्याहून जास्त एका वेळी करू नका. फार ओढलं तर पुढचे लॅच लागत नाहीत, आणि जोर करून लावले तर शिवण उसवते. जुना टॉप टाकून देऊ नका हो, त्याच्यावरची भोकं हाच तुमचा नकाशा असतो.

आता उष्णता. टॉप व्हायनलचा, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या रेक्झिनचा असेल तर ऊनच सगळ्यात चांगलं. टॉप लावून, लॅच बंद करून, काचा वर करून गाडी उन्हात ठेवा, आणि पहिले काही दिवस टॉप उघडूच नका. हीट गनचा मोह मला समजतो, पण ती एका जागी दोन क्षण जास्त थांबली की व्हायनलचा दाणा, म्हणजे वरचा खरखरीत पोत, जातो आणि तिथं चकाकणारा डाग पडतो. तो डाग परत जात नाही. मागची प्लॅस्टिकची खिडकी तर आणखी नाजूक, तिच्याजवळ गरम हवा नेऊच नका. अगदीच हवं असेल तर केस वाळवायचा ड्रायर, लांबून, हात सतत फिरता.

कापडी टॉपची गोष्ट वेगळी. त्यात बाहेर अॅक्रिलिकचं कापड, मधे रबराचा थर आणि आत अस्तर असतं. त्याला कपड्यांचा स्टीमर चालतो. वाफ द्यायची, हातानं कडेच्या दिशेनं सारायचं, आणि ओलसर असतानाच मऊ ब्रश फिरवायचा. इस्त्री मात्र टेकवू नका.

थार किंवा जिप्सीचं हूड असलेले पुण्या-कोल्हापुरातले मित्र विचारतात, आमचं काय? तुमच्याकडे ताण पट्ट्या आणि बकलांवर असतो, नटांवर नाही. पण मध्य आधी आणि मग आळीपाळीनं दोन्ही बाजू, हे तसंच.

(कॅमेरा परत डाव्या कोपऱ्यावर)

हा कोपरा आजचा. नट परत बसवून दोन दिवस झाले. रेघ कुठं आहे?

एक काम राहिलंय. मागची कड सैल करून पुन्हा बसवली की पन्हळ जागेवर आहे ना, हे बघायलाच हवं, नाहीतर पहिल्या पावसात पाणी सीटांच्या मागे उतरतं. म्हणून हे झारीभर पाणी मी खिडकीच्या खालच्या कडेनं हळूहळू सोडते... डावीकडून उजवीकडे. आता खाली या, चाकाजवळ. नळीतून पाणी पडतंय, दिसलं? आणि आत, कार्पेटखाली हात घालते. कोरडा.