गॅस गिझरची जागा बाथरूमच्या बाहेर

(दृश्य: डिसेंबरची पहाट. अंबाझरी तलावावर धुकं. चहाच्या टपरीसमोर शेकोटी.)

डिसेंबर 2018 च्या अखेरीस नागपूरचा पारा 3.5 अंशांवर उतरला होता. पाणी गोठायला जेमतेम साडेतीन अंश बाकी. मे महिन्यात 47 अंश सोसणारं शहर त्या पहाटे रजईत गुडूप होतं.

बर्फाच्या मुलखात अख्खं घर तापवायला भट्टी असते. तिचा धूर बाहेर नेणारं धुराडं असतं, नळ गोठू नयेत म्हणून वेगळी तजवीज असते. आपल्याकडे घर तापवायची पद्धत नाही. आपण अंघोळीचं पाणी तापवतो. पूर्वी अंगणात नाहीतर परसात तांब्याचा बंब धगधगायचा. त्याचा धूर डोळ्यांत जायचा, म्हणून जळण उघड्यावर असायचं. आता त्याच्या जागी भिंतीवर टांगलेली एक पांढरी पेटी आली आहे. तिच्यातही जाळच आहे, फक्त त्याचा धूर दिसत नाही. आणि हा जाळ आपण घरातल्या सगळ्यात लहान, सगळ्यात बंद खोलीत नेऊन ठेवला आहे.

(दृश्य: बाथरूम. भिंतीवरचा गिझर, वर छोटा झरोका, झरोक्यात कोंबलेला पुठ्ठा.)

या पुठ्ठ्याकडे नीट बघा. थंडी आत येऊ नये म्हणून तो लावलेला आहे. शेजारच्या खोलीची खिडकी उन्हाळ्यात कूलरने अडवली होती. आता त्या कूलरवर प्लास्टिक बांधलं आहे, म्हणजे तीही बंद. नागपुरातल्या कितीतरी घरांत हिवाळा आला की हवेच्या वाटा अशा एकेक करून बुजतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत गिझर सर्वांत जास्त वेळ चालतो.

थोडा हिशोब करू. मिनिटाला 6 लिटर पाणी देणारा गिझर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. एक किलो गॅस पूर्ण जळायला सुमारे 13 घनमीटर हवा लागते. चार फूट बाय सहा फुटांच्या बाथरूममध्ये हवा असते साडेपाच घनमीटरच्या आसपास. म्हणजे दहा मिनिटांच्या अंघोळीत गिझर त्यातल्या दोन घनमीटर हवेतला प्राणवायू खातो. दार लावलेलं, झरोका बुजवलेला. घरातले तिघे-चौघे एकामागून एक अंघोळीला जातात आणि शेवटचा जातो तेव्हा आत काय उरलेलं असतं, याचा विचार सहसा कोणी करत नाही.

प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून मुद्दाम वास मिसळतात, पण तो गळणाऱ्या गॅसचा. जळून तयार झालेल्या या विषाला तो वास नसतो. रक्तातलं हिमोग्लोबिन याला प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट धरतं. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात. कडी काढावी हे कळतं, पण हात उचलत नाही.

(दृश्य: फिटर भिंतीवर खुणा करतो आहे. घरमालकीण दारात.)

"भाऊ, आतच लावून द्या नं. बाहेर लावला तं पाइपचा खर्च वाढते."

"काकू, पाइपचे पैसे लागू द्या. आत मी लावत नाही."

असा फिटर मिळाला तर त्याचं ऐका. गिझरची जागा बाल्कनीत, धुण्याच्या जागेत किंवा मागच्या गॅलरीत, जिथे वारा खेळता आहे तिथे. बाथरूममध्ये यावा तो फक्त गरम पाण्याचा पाइप. तो सीपीव्हीसीचा घ्या, साधा पीव्हीसी उष्णतेने मऊ पडतो. पाइपवर फोमचं वेष्टण चढवलं की पाणी वाटेत निवत नाही. एवढाच काय तो जास्तीचा खर्च.

गिझरवर आयएसआय खूण हवी. गॅसची नळी नारिंगी सुरक्षा पाइप असावी आणि तिच्यावर छापलेली मुदत वाचावी. जोड तपासायचे ते साबणाच्या फेसाने, काडी पेटवून कधीच नाही. जाळ निळा दिसला पाहिजे. तो पिवळा झाला, पेटीवर काजळी धरली, तर त्या दिवसापासून गिझर बंद आणि मेकॅनिकला फोन.

आत एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून निर्धास्त होणारे पुष्कळ आहेत. दाराखालून हवा आत यायला जाळी नसेल तर फॅन बाहेर फेकणार काय? उलट गिझरला धुराडं असलं तर त्यातला धूरच तो फॅन आत ओढू शकतो.

(दृश्य: सिलिंडरच्या अंगावर साचलेलं दव.)

कडाक्याच्या थंडीत आणखी एक अडचण येते. सिलिंडरमधल्या द्रवाची वाफ होताना तो स्वतः गार पडतो. त्या गॅसमधला एक घटक, ब्युटेन, शून्य अंशाच्या जवळ गेल्यावर जवळपास वाफ देईनासा होतो. दाब उतरतो, जाळ मंदावतो. मग कोणी सिलिंडर उकळत्या पाण्यात ठेवतं, कोणी आडवा करतं. दोन्ही जिवावर बेतणारं आहे. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो. सिलिंडर उभाच राहू द्या. शेगडी आणि गिझर एकाच सिलिंडरवर असतील तर दोन्ही एकाच वेळी लावू नका, थोडं थांबून घ्या.

(दृश्य: बंद दार. आतून पाण्याचा आवाज.)

अंघोळीला गेलेलं माणूस हाकेला ओ देत नसेल, तर आधी दार फोडा. श्वास रोखून आत जा, त्याला उघड्यावर आणा, गॅस बंद करा, 108 ला फोन करा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी 98 दाखवेल. त्यावर विश्वास ठेवू नका. ते यंत्र या विषाने भरलेल्या रक्ताला प्राणवायूने भरलेलं रक्त समजतं. दवाखान्यात पहिलं वाक्य हेच सांगा, की बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता. ते न सांगितल्यामुळे अशा रुग्णांवर मिरगीचे उपचार सुरू झाल्याच्या नोंदी भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी केल्या आहेत. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारी तपासणी वेगळी असते, आणि ती डॉक्टर तेव्हाच मागवतात जेव्हा घरचं माणूस गिझरचा उल्लेख करतं.