वाफा रस्त्यापेक्षा खाली हवा

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. या हिशेबाने १,००० चौरस मीटरच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५०,००० लिटर. तिथे माती असती तर त्यातलं बरंचसं मुरलं असतं. स्लॅब आणि डांबरावरून मात्र ते बघता बघता गटारात उतरतं, आणि आपण म्हणतो, गटारं लहान पडली.

मग गटारं मोठी करायची का? २ जुलै २०११ रोजी कोपनहेगनमध्ये दोनेक तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस कोसळला. नुसते पाइप वाढवत जाण्यापेक्षा पाणी जमिनीवरच थोपवणं स्वस्त पडेल, असं तिथल्या हिशेबात दिसलं. २०१२च्या आराखड्यात त्यांनी रस्ते, चौक आणि बागांनाच पाणी काही काळ धरून ठेवायचं काम दिलं. त्याच वर्षी सिंगापूरने बिशान उद्यानाकडेचा २.७ किलोमीटरचा काँक्रीट कालवा फोडून त्याची ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी केली. जोराचा पाऊस आला की ती उद्यानात पसरते. एरवी त्याच काठांवर लोक फिरत असतात.

ही मोठी कामं झाली. माझा जीव अडकलाय तो रस्त्याकडेच्या वाफ्यात. बहुतेक शहरांत झाडांचे वाफे रस्त्यापेक्षा उंच असतात, वर कठडाही बांधलेला. म्हणजे पाणी झाडाला वळसा घालून गटारात जातं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच झाडाला टँकरने पाणी घालतात! तोच वाफा रस्त्यापेक्षा वीतभर खाली घ्या, कडेच्या दगडांत खाच ठेवा, खाचेच्या तोंडाशी गोटे पसरा. रस्त्यावरचा गाळ गोट्यांत अडकतो, पाणी आत जातं. माती वाळूमिश्रित हवी. पाणी एक-दोन दिवसांत जिरलं पाहिजे. डासाच्या अळ्यांना वाढायला साधारण आठवडा लागतो, त्याच्या आत वाफा कोरडा व्हायला हवा. जादा पाण्यासाठी गटाराकडे वाट ठेवायची, कारण गटाराला रजा देता येत नाही. २० जुलै २०२१ला चीनमधल्या झेंगझोऊत एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी मुरवणारं 'स्पंज शहर' घडवायचं काम तिथे सुरू होतं, तरी शहर बुडालं. अशा पावसापुढे वाफे पुरत नाहीत. पण वर्षभरातल्या बहुतेक सरी लहान असतात, आणि भूजल त्यांच्यावरही भरतं.

खरी अडचण देखभालीची. खाचेतला गाळ काढला नाही तर एका पावसाळ्यात तोंड बुजतं, आणि वर्षभरात कुणीतरी तिथे फरशी घालतं. म्हणून निविदेतच लिहा: गाळ कोण काढणार, किती दिवसांनी, कोणत्या खर्चातून. पहिल्या मोठ्या पावसात अभियंत्याने वाफ्यापाशी उभं राहावं, पाणी खाचेतून आत शिरतंय ना ते बघावं, किती तासांत जिरलं ते नोंदवावं. ठेकेदाराचं शेवटचं बिल त्या नोंदीनंतरच निघावं.