शिक्का मारलेलं तिकीट

नमस्कार श्रोतेहो,

आज गप्पा मारायच्यात त्या देशोदेशीच्या पोस्टकार्डांच्या आणि तिकिटांच्या. पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते, कारण आज जे सांगायचंय ते सगळं मी त्या चुकीतूनच शिकले. लहान असताना मला नात्यातल्या एका आजोबांनी परदेशातून आलेली त्यांची जुनी पोस्टकार्डं दिली होती, चांगला जाडजूड गठ्ठा होता, आणि मी काय केलं तर प्रत्येक कार्डाचा तिकिटाचा कोपरा कात्रीने कापला, पाण्यात भिजवला, तिकिटं सोडवून वाळवली, वहीत देशवार लावली आणि उरलेली कार्डं सरळ रद्दीत घातली. वही अजून आहे माझ्याकडे, तिकिटंही छान आहेत, पण प्रत्येकावर अर्धाच शिक्का आहे. उरलेला अर्धा, ज्याच्यावर गावाचं नाव होतं, तारीख होती, तो कार्डाबरोबर गेला. कुणी लिहिलं, काय लिहिलं, तेही गेलं.

म्हणून माझं ठाम मत झालंय की टपालातून खरोखर प्रवास करून आलेलं तिकीट हे कोऱ्या करकरीत तिकिटापेक्षा जास्त बोलतं, आणि ते कार्डावर असेल तर कार्डावरच राहू द्यावं. बरेच जण कोरी तिकिटंच जमवतात, त्यातही आनंद आहे, पण माझा जीव शिक्क्यात अडकतो.

शिक्क्याची गोष्ट तर अगदी पहिल्या तिकिटापासूनची आहे. 1840 च्या मे महिन्यात ब्रिटनमध्ये पेनी ब्लॅक आलं, रोलंड हिल यांच्या टपाल सुधारणेतून. त्याआधी पत्राचे पैसे बहुतेक वेळा ज्याला पत्र आलं त्यानेच भरायचे, अंतर जास्त तर पैसे जास्त, मग लोक पत्र घ्यायलाच नकार द्यायचे. आता एक पेनीचं तिकीट आधीच लावलं की वजनात बसणारं पत्र देशात कुठेही जाणार. पण तिकीट काळं आणि त्याच्यावर शिक्का लाल शाईचा, तो काळ्यावर नीट दिसायचा नाही आणि पुसूनही काढता यायचा, म्हणजे तेच तिकीट परत वापरा. मग वर्षभरातच, 1841 मध्ये, तिकीट लाल केलं आणि शिक्का काळा. आणि हो, त्या तिकिटांना कडेची भोकं नव्हती, पोस्टात कात्रीने कापून द्यायचे, म्हणून चारही बाजूंना पुरेशी कड असलेलं पेनी ब्लॅक जमवणाऱ्यांना जास्त प्यारं.

त्यावर देशाचं नाव नव्हतं. जगात दुसरीकडे तिकिटंच नव्हती, तर नाव घालायचं कशाला! ब्रिटनच्या तिकिटावर आजही नाव नसतं, फक्त राजाचा किंवा राणीचा मुखडा. नवीन जमवणाऱ्यांची इथेच पंचाईत होते, तिकीट हातात आहे पण देश कुठला? हेल्व्हेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, तिथे अधिकृत भाषाच चार, मग एकीचं नाव घालण्यापेक्षा जुनं लॅटिन नाव घालतात. सुओमी म्हणजे फिनलंड, माग्यार म्हणजे हंगेरी, हेलास म्हणजे ग्रीस. मी जगाचा नकाशा शाळेपेक्षा या वहीतून जास्त शिकले. झांझिबार, युगोस्लाव्हिया, सोव्हिएत संघ, हे देश म्हणून नकाशावर नाहीत आता, पण तिकिटांवर आहेत.

आणि जर्मनीची 1923 ची तिकिटं मिळाली तर जरूर बघा. महागाई इतकी बेफाम वाढत होती की नवं तिकीट छापून होईपर्यंत दर बदललेला असायचा, मग जुन्याच तिकिटांवर नवा आकडा छापायचे, आणि तिकिटांवरचे आकडे चढत चढत 50 मिलियार्डपर्यंत गेले, म्हणजे पाच हजार कोटी मार्क, एका तिकिटावर! त्या वेळचं अख्खं पाकीट मिळालं तर कधीकधी मागची बाजू तिकिटांनी भरलेली दिसते. सुटं तिकीट हे सांगू शकत नाही, पाकीटच सांगतं.

पोस्टकार्ड आलं 1869 मध्ये, 1 ऑक्टोबरला, ऑस्ट्रिया-हंगेरीत. साधंच, चित्रबित्र काही नाही. चित्रांची कार्डं नंतर आली, पण तेव्हा मागची पूर्ण बाजू फक्त पत्त्यासाठी असायची, मग बिचारे लोक चित्राच्या कडेकडेने, आकाशात, समुद्रात, जागा मिळेल तिथे लिहायचे. 1902 मध्ये ब्रिटनने मागच्या बाजूचे दोन भाग करायला परवानगी दिली, अर्धा मजकूर अर्धा पत्ता, मग बाकीचे देशही आले, अमेरिका 1907 मध्ये. त्यामुळे कार्डावर तारीख नसली तरी पाठ बघून काळाचा अंदाज येतो. मला विचाराल तर ती जुनी, चित्रावर लिहिलेली कार्डं सगळ्यात गोड.

सांभाळायचं कसं ते थोडक्यात. तिकीट चिमट्याने उचला, बोटांचं तेल लागतं. सेलोटेप कधीच नको, डाग जात नाही. पीव्हीसीचे प्लास्टिक कप्पे टाळा, ऊन आणि ओल टाळा. सुटी पाकिटं असतील आणि तिकीट काढायचंच असेल तर साध्या पाण्यात ठेवा, ते आपसूक सुटतं, ओढू नका. रंगीत पाकिटं मात्र वेगळी भिजवा, रंग उतरतो. हल्लीची स्टिकरसारखी तिकिटं बऱ्याचदा पाण्यात सुटतच नाहीत, ती कागदासकट थोडी कड सोडून कापा.

आणि कार्डं येणार कुठून? तर आधी पाठवावी लागतात. 2005 मध्ये पाउलो मागाल्याइश या पोर्तुगालच्या तरुणाने पोस्टक्रॉसिंग सुरू केलं, तुम्हाला एका अनोळखी माणसाचा पत्ता मिळतो, त्याला कार्ड पाठवायचं, ते पोचल्याची नोंद झाली की तुमचा पत्ता जगातल्या तिसऱ्याच कुणाकडे जातो. ज्याला पाठवलं त्याच्याकडून येत नाही, भलतीकडूनच येतं, हेच मला फार आवडतं. कार्ड टाकताना फक्त पेटीत ढकलू नका, काउंटरवर जाऊन शिक्का स्वच्छ मारायची विनंती करा, समोरचा माणूस तो बघणार आहे.

मागच्या आठवड्यात मला फिनलंडहून एक कार्ड आलं, एका आजींचं. शिक्का पूर्ण, गोल, तारखेसकट वाचता येतोय. त्यांनी लिहिलंय की त्या पक्ष्यांची तिकिटं जमवतात. माझ्याकडे पक्ष्यांची दोन तिकिटं शिल्लक आहेत, कार्डाचा मजकूरही लिहून झालाय, आता त्या दोनातलं कुठलं लावायचं तेवढं ठरत नाहीये.

नमस्कार.