रात्री दोन वाजता बेल वाजली तर

नमस्कार श्रोतेहो. घरातल्या वयस्कर माणसाला वृद्धनिवासात ठेवायचं ठरलं, की आपण जागा बघायला जातो. खोली हवेशीर आहे का, फरशी स्वच्छ आहे का, हे बघतो. बघावंच. पण तिथल्या प्रमुखांना एक प्रश्न आवर्जून विचारा: रात्री दोन वाजता कुणी बेल दाबली तर कोण येतं, आणि तेव्हा ड्यूटीवर कितीजण असतात?

हे विचारायचं, कारण म्हातारी माणसं पडतात ती बरेचदा पलंगापाशी, नाहीतर बाथरूमच्या वाटेवर. लघवीची घाई असते, झोपेच्या गोळीची गुंगी असते, अंधारात चष्मा सापडत नाही. बेल दाबूनही कुणी फिरकलं नाही, असं दोन-चारदा झालं की माणूस बेल दाबायचंच सोडतो आणि एकटा उठतो. मग खुबा मोडतो. नोंदवहीत लिहिलं जातं, ‘स्वतःहून उठले व पडले.’ ही नोंद मला अपुरी वाटते. बेल कधी वाजली, कोण कधी पोचलं, हेही तिथे लिहिलेलं हवं.

काही ठिकाणी यावर उपाय म्हणून पलंगाचे कठडे कायम वर ठेवतात, खुर्चीला पट्टा बांधतात. यानं सुरक्षा वाढत नाही. गोंधळलेला माणूस कठडा ओलांडायला जातो आणि जास्त उंचावरून पडतो. कठडा आणि गादीच्या फटीत अडकून माणसं दगावलेली आहेत. शिवाय बसवून ठेवलं की पायांतलं बळ जातं, तोल आणखी बिघडतो.

आता त्वचेबद्दल जरा सविस्तर सांगते. ज्यांना स्वतः कूस बदलता येत नाही, त्यांच्या माकडहाडावर, खुब्यांवर, टाचांवर सतत भार येतो, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांतच बेडसोरची, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात होऊ शकते. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलण्याची पद्धत आहे. कुणाला त्याहून लवकर बदलावी लागते. भेटायला जाल तेव्हा पायातले मोजे काढा आणि टाच नीट बघा. लालसर डाग दिसला तर बोटानं हलकेच दाबा. पांढरा पडून पुन्हा लाल झाला, तर रक्त खेळतंय. दाबूनही लालच राहिला, तर परिचारिकेला लगेच बोलावून दाखवा. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, तिथे जांभळट छटा बघा. ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागते का, तेही हातानं बघा. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवली, तरी बराच भार कमी होतो.

उतारवयात तहान कमी लागते. त्यामुळे पाण्याचा ग्लास खोलीत असून भागत नाही, तो हाताला यायला हवा. एखादी व्यक्ती अचानक असंबद्ध बोलू लागली, तर ‘वय झालंय’ म्हणून सोडू नका. पाणी कमी पडलेलं असेल, कुठेतरी संसर्ग असेल, नवीन गोळी सुरू झाली असेल. त्याच दिवशी डॉक्टरांनी बघायला हवं. वजनाचंही तसंच. साठ किलोच्या माणसाचं महिन्याभरात तीन किलो घटलं, तर ती गंभीर बाब आहे.

तिथं राबणाऱ्यांबद्दलही मला मनापासून बोलायचं आहे. एकाच बाईवर एका सकाळी अनेकांच्या आंघोळी, भरवणं आणि गोळ्या असतील, तर ती कितीही मायेची असली तरी काहीतरी राहून जाणारच. आणि चूक सांगितली तर नोकरी जाईल अशी धास्ती असेल, तर चुकीची गोळी दिल्याचं कुणाला कळणारच नाही. म्हणून विचारा, मागच्या महिन्यात कितीजण पडले, आणि त्यानंतर काय बदललंत? ‘आमच्याकडे कुणी पडतच नाही’ असं उत्तर आलं, तर मी तिथे माझं माणूस ठेवणार नाही.

भेटीची वेळ अधूनमधून बदला. कधी जेवणाच्या वेळी जा, कधी सुट्टीच्या संध्याकाळी. आणि आपल्या माणसाशी थोडा वेळ एकांतात बोला. ज्यांच्या हातून रोज सगळं करून घ्यायचं, त्यांच्याबद्दल त्यांच्यादेखत कुणी तक्रार करत नाही. काही खटकलं तर तारीख घालून लेखी द्या आणि उत्तरही लेखीच मागा.