चाकूवरचे नाव गिऱ्हाइकाचे

आज ज्या चाकूविषयी बोलायचे आहे, तो मी पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी दीडशे रुपयांना घेतला. काळ्या रंगाच्या पत्र्याची मूठ, रंग बराचसा उडालेला, पाते एकच, आणि पात्याच्या बुडाशी गंजाखाली दबलेली रोमन अक्षरे. विक्रेत्याने त्यांतली पहिली पाच अक्षरे वाचून दाखवली, ‘इंडिया’, आणि माल आपल्याकडचाच असल्याचा निर्वाळा दिला. मी मात्र अशा चाकूवरचा मजकूर सर्वांत शेवटी वाचतो, कारण स्वस्त चाकूवरचे नाव बहुधा गिऱ्हाइकाकडे पाहून घातलेले असते आणि तो घडवणाऱ्याची ओळख पटते ती घडणीतून.

सुरुवात मुठीपासून करावी. बऱ्यापैकी किमतीच्या घडीच्या चाकूत धातूच्या दोन अस्तरपट्ट्या, त्यांवर शिंगाच्या, हाडाच्या किंवा लाकडाच्या चिपा, टोकाला धातूचे टोपण आणि पाठीमागे पोलादी कमान असे अनेक भाग घासूनपुसून जुळवावे लागतात, आणि त्यात कुशल कारागिराचे तास जातात. पत्र्याची मूठ हा सगळा खटाटोप टाळते. एक तुकडा कापायचा, मधोमध दुमडायचा, पाते बसवून रिव्हेट ठोकायची. या काटकसरीच्या घडणीचे तीन चाकू सर्वांत प्रसिद्ध आहेत : जपानमधील मिकी गावाचा हिगोनोकामी, फ्रान्समधील तिएर गावाचा डुक-डुक आणि जर्मनीतील झोलिंगेनचा मर्केटर. तिघेही दुरून सारखेच दिसतात; हातात घेऊन उघडले की फरक कळतो.

हिगोनोकामीला कमानही नसते आणि खटकाही नसतो. पात्याच्या बुडातून एक छोटी शेपटी बाहेर येते, ती अंगठ्याने दाबली की पाते उघडते, आणि काम चालू असताना अंगठा त्याच शेपटीवर ठेवल्यामुळे ते उघडे राहते. डुक-डुकमध्ये चांगली कडक कमान असते, पाते त्या ताणाने उघडे राहते, पण अडकत नाही. मर्केटरचे पाते उघडताच अडकते, आणि ते सोडवण्यासाठी मुठीच्या पाठीवरचा छोटा खटका दाबावा लागतो. माझ्या चाकूच्या पाठीवर असा खटका आहे. म्हणजे एकही अक्षर न वाचता माझा संशय झोलिंगेनवर आला होता.

आता नावे. हिगोनोकामी म्हणजे ‘हिगोचा स्वामी’, आणि हिगो हा प्रांत दक्षिणेकडील क्यूशू बेटावर, आजच्या कुमामोतो भागात येतो. मिकी मात्र ह्योगो प्रांतात, तेथून कितीतरी दूर आहे. माल क्यूशूत खपायचा, म्हणून नाव तिकडचे. डुक-डुक १९२९ मध्ये कोन्ये यांच्या कारखान्यात तयार झाला, आणि पॅसिफिकमधील फ्रेंच वसाहतींत विकायचा म्हणून त्याच्या मुठीवर मेलानेशियन लोकांच्या एका दैवताची आकृती उमटवली गेली. उत्तर आफ्रिकेच्या बाजारासाठी त्याच घडणीच्या चाकूवर ‘एल बराका’ हे नाव आले. ओकापीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. ओकापी हा आफ्रिकी प्राणी शास्त्रज्ञांच्या नोंदीत आला १९०१ मध्ये, आणि १९०२ मध्ये जर्मनीत त्या नावाचा चाकू आफ्रिकेतील वसाहतींसाठी तयार होऊ लागला. लाकडी मुठीवर चंद्रकोरी आणि तारे जडवलेल्या या चाकूचे उत्पादन १९८८ मध्ये खरोखरच दक्षिण आफ्रिकेत गेले, त्यामुळे आज नाव आणि जन्मस्थान यांचा मेळ बसतो. पण जुना ओकापी हाती आला तर तो जर्मन समजावा. मुंबईत कोणत्याही लांब पात्याच्या चाकूला लोक ‘रामपुरी’ म्हणतात, त्यातले किती उत्तर प्रदेशातील रामपूरला घडलेले असतात, याचा विचार आपणच करावा.

नावावर विश्वास नाही, तर मग गावाच्या आणि देशाच्या ठशावर तरी ठेवावा का? तो काळ पाहून ठेवावा. एकोणिसाव्या शतकात झोलिंगेनचे काही कारखानदार आपल्या मालावर सर्रास ‘शेफील्ड’ हे चाकूंसाठी नावाजलेल्या इंग्लंडमधील शहराचे नाव लिहीत असत. त्याला आळा घालण्यासाठी ब्रिटनने १८८७ मध्ये व्यापारचिन्हांचा कायदा केला, आणि ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द हिणवण्यासाठी म्हणून मालावर आले. पुढे त्यांचीच प्रतिष्ठा झाली, हा भाग वेगळा. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले. ‘झोलिंगेन’ या नावाला १९३८ मध्ये जर्मन कायद्याचे संरक्षण मिळाले. ‘वेस्ट जर्मनी’ हा ठसा १९४९ ते १९९० मधला, ‘ऑक्युपाइड जपान’ हा महायुद्धानंतरच्या मोजक्या वर्षांचा. ‘स्टेनलेस’ हा शब्द दिसला तर पाते १९१३ नंतरचे, कारण शेफील्डच्या हॅरी ब्रिअरली यांचे गंजरोधक पोलाद त्या वर्षीचे. सोव्हिएत चाकूंवर तर पुष्कळदा किंमतच ठोकलेली असते, रुबल आणि कोपेकमध्ये. १९६१ मध्ये दहा जुन्या रुबलांचा एक नवा रुबल झाला, त्यामुळे त्या आकड्यावरूनही काळाचा अंदाज बांधता येतो.

अलीकडच्या चाकूंना एवढा वेळ द्यावा लागत नाही. खिशाला अडकवायची चिमटी आणि अंगठ्याने पाते उघडण्यासाठी गोल भोक ही जोडी १९८१ मध्ये अमेरिकेतील स्पायडर्कोने आणली. चिमटी असलेला, चांदणीच्या आकाराच्या खाचेचे स्क्रू लावलेला आणि पात्यावर ‘८सीआर१३एमओव्ही’ अशी खूण असलेला स्वस्त चाकू बहुधा चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातील यांगज्यांगचा निघतो. ही खूण चिनी पद्धतीने लिहिलेली पोलादाची जात आहे : सुमारे ०.८ टक्के कार्बन आणि १३ टक्के क्रोमियम.

माझ्या चाकूचे पाते मी रॉकेलात भिजवून सुती फडक्याने पुसले. सँडपेपर कटाक्षाने टाळला, कारण त्याने गंजाबरोबर ठसाही जातो. पाच अक्षरांच्या पुढे आणखी चार निघाली, आणि शब्द झाला ‘इंडियावेर्क’. हे झोलिंगेनच्या हाइनरिश काउफमान आणि पुत्र यांच्या कारखान्याचे नाव. मुठीवर तिरपा उजेड पाडल्यावर झेप घेणारे मांजर आणि ‘के ५५ के’ ही मर्केटरची खूण दिसली, तेव्हा खटक्याने दिलेली साक्ष पक्की झाली.

चाकू आता आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती देतो. मिटताना पाठीवरचा खटका पूर्ण दाबावा आणि बोटे पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवावीत; धार अजून चांगली आहे.